मावशीची हमी

३ नोव्हेंबर, सोमवार

मावशीला बोलावणं आलं! पुढच्या सोमवारी शाळेच्या हॉलमध्ये मंडळापुढे उभं राहायचं. आणि हमी द्यायला वस्तीतलं एक माणूस बरोबर आणायचं. ते माणूस म्हणजे मी. दुसरं कोण आहे तिला?

सकाळीच हातातला चहा सांडला. तो मावशीनेच पुसला.

इथे नीट मांडून ठेवतो, म्हणजे डोकं शांत होईल. नवा कायदा असा — बाहेरून आलेल्या प्रत्येकाने, राहायचं असेल तर, वस्तीच्या मंडळाकडून पास व्हायचं. मंडळात तिघं. ती तिघं ठरवणार, हा इथे राहायच्या लायकीचा आहे का. पास झाला तर राहा, नाही तर महिनाअखेर गाडीत बसा आणि जा. लोक त्याला लायकीची परीक्षा म्हणतात. मी सहावीत शाळा सोडली ती परीक्षेच्या भीतीने, आणि आता या वयात पुन्हा शाळेच्या हॉलमध्ये.

या कायद्यासाठी मत मीच दिलंय. लेकीने सांगितलं म्हणून नाही, पटलं म्हणून. हिला — बायकोला — झटका आला तेव्हा दवाखान्यात आमच्यापुढे बाकभर बाहेरचेच बसले होते. ही खुर्चीतून घसरत होती. मी एका हाताने हिला धरलंय, दुसऱ्या हातात नंबर, आणि नंबर काही येईना. तेव्हाच ठरवलं होतं. फुकट खायला आलेत त्यांनी जावं. अजूनही तेच म्हणतो.

पण मावशी फुकट खात नाही, हिचं सगळं तीच करते. मावशी वेगळी.

५ नोव्हेंबर, बुधवार

मावशी वयाने माझ्या लेकीपेक्षा लहान. जिन्यातले सगळे मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणतो. सकाळी येते. हिची कूस बदलते, अंग पुसते, पाठीला मलम लावते, भरवते. दुपारी पुन्हा सगळं तेच. झटक्यानंतर हिच्याकडे शब्द फार उरले नाहीत. त्यातला एक 'अहो' आणि एक 'मावशी'. हल्ली 'मावशी'च जास्त.

मला उचलता येत नाही असं नाही. अंगात ताकद आहे अजून. पण नाक गेलंय. उमेदीची सगळी वर्षं साबणाच्या कारखान्यात गेली, उकळत्या कढयांपाशी. वास येणं कधी थांबलं ते कळलंसुद्धा नाही. ही ओली झाली, घाण झाली, मला पत्ता नाही. आणि ही सांगत नाही — लाजते. एवढ्या संसारानंतर नवऱ्यापुढे लाजते. मावशी दारातूनच ओळखते आणि काही न बोलता बादली भरायला जाते.

ती गेली तर — नको. लिहीत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

लेक येऊन गेली. दवाखान्यात नंबर द्यायच्या खिडकीत बसते, तिथून थेट आली. पाय सुजलेले. संध्याकाळी पुन्हा पक्षाची पत्रकं वाटायला जायचं होतं. तिच्या दारावर पक्षाचा फलक आहे, हा एवढा मोठा.

म्हटलं, मंडळातल्या लोकांना ओळखतेस, एक शब्द टाक. ती म्हणाली, "दारोदार फिरून सांगितलंय मी, सगळ्यांना एकच नियम. आता माझ्याच आईच्या बाईसाठी फोन करू?"

मी म्हटलं, अगं पण ती वेगळी आहे.

हसली. पण चांगलं नाही हसली. "बाबा, प्रत्येक घरात एक वेगळी असते. चार जिने चढले की चार वेगळ्या. मग जायचं कोणी?"

ती म्हणते, रोज खिडकीत बसून तीच सांगते — औषध संपलं, उद्या या. सांगते कोणाला? आपल्याच म्हाताऱ्यांना. तेही खरं आहे. दोन्ही खरं असलं की माणसाने काय करायचं?

जाताना आईचे केस विंचरले तिने. मला म्हणाली, तिथे जास्त बोलू नका. विचारतील तेवढंच.

तिला काय माहीत. सरकारी टेबलापुढे मी तिच्या जन्माआधीपासून उभा राहतोय.

९ नोव्हेंबर, रविवार

आज मावशीला तयार केलं. तिला या गोष्टीतलं काही कळत नाही. तिला वाटतं खरं बोललं की झालं.

मी तिला समजावलं. टेबलापलीकडचा माणूस कधीच द्यायला बसलेला नसतो, त्याच्या पोटात कालवेल असं दिसावं लागतं. सरकारी खोली मिळवली तेव्हा मी दाढी वाढवून गेलो होतो. कारखान्याच्या दवाखान्यात हिचं नाव घातलं तेव्हा चप्पल बाहेर काढून अनवाणी आत गेलो होतो. पेन्शन अडकली तेव्हा तर खरंच रडलो, म्हणजे आधी खोटं आणि मग खरं. प्रत्येक वेळी काम झालं. ताठ मानेने गेलेले अजून चकरा मारतायत.

ती म्हणाली, चांगला ड्रेस घालते. निळा आहे, बहिणीने शिवलेला.

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, वेडी आहेस का? तो स्वेटर घाल, कोपरावर फाटलेला.

तिने मलमाची डबी बंद केली. मग म्हणाली, "आजोबा, तुम्ही म्हणाल तसं."

१० नोव्हेंबर, सोमवार

झाली परीक्षा. बरी झाली असं वाटतंय. झालं तसं लिहितो.

हॉलमध्ये पहिली-दुसरीच्या मुलांचे बाक. माझे गुडघे हनुवटीला लागत होते. बाहेरचा एक आणि त्याची हमी देणारा एक, अशा जोड्या बसलेल्या, लग्नाला बसवल्यासारख्या. मी एकेकाला निरखत होतो. हा तगडा आहे, घड्याळ लावून आलाय, याला कशाला दया दाखवायची? ती पोटुशी आहे बिचारी, ती नक्की पास. बसल्या जागी मीच मंडळ झालो होतो.

मंडळात मधोमध शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. एका बाजूला हार्डवेअरचा दुकानदार, दुसऱ्या बाजूला ऑफिसातला एक कारकून, तो फक्त लिहितो.

आमच्याआधी बेकरीवाल्याने आपला माणूस उभा केला. शर्ट कडक इस्त्रीचा. बेकरीवाला म्हणाला, याला काही लागत नाही. आजारी पडत नाही, सुट्टी मागत नाही, मागेपुढे कोणी नाही. मला हसू दाबावं लागलं. म्हटलं, अरे मूर्खा, मग याला ठेवून कशाला घेतील? तर पाणी पिऊन होईपर्यंत पास! मला वाटलं, बेकरीवाल्याने आधीच काहीतरी पोचवलं असणार.

पोटुशीला म्हणाले, तुमचं नंतर बघू. तेही मला कळलं नाही.

मग आमची पाळी. मी उभा राहिलो तेव्हाच पाय लटपटत होते, सोंग करायची गरजच पडली नाही. मुख्याध्यापिका बाईंचा आवाज गोड आहे. म्हणाल्या, हिच्याबद्दल काय सांगाल, आजोबा?

मी सगळं सांगितलं. फार गरीब आहे हो, म्हटलं. एका पावावर दिवस काढते. आमच्याकडचं उरलंसुरलं घेऊन जाते. पाठीचं दुखणं आहे, कधीकधी वाकवत नाही, मग बायकोच्याच मलमातलं थोडं मी तिला देतो. गावाकडे आई अंथरुणाला आहे, तिला इथे आणायचं मनात आहे.

दुकानदाराने विचारलं, म्हणजे आईपण येणार?

मी म्हटलं, आली तर बिचारीला तेवढाच आधार होईल.

मावशीने माझी बाही ओढली. मला वाटलं तिला भरून आलं. मी तिचा हात थोपटला.

बाईंनी तिलाही विचारलं, तुला काही सांगायचंय का? ती एवढंच म्हणाली, "मी काम करते. रोज करते." कोपराचं भोक छान दिसत होतं.

निघालो तेव्हा तिघांचेही चेहरे पडले होते. म्हटलं, लागलं काळजाला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

गुडघा ठणकतोय. निकाल गुरुवारी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नापास.

बेकरीवाल्याचा माणूस पास, मावशी नापास. शाळेच्या फाटकावर निकाल लावला होता. माझा चष्मा घरी राहिला, म्हणून खालच्या मजल्यावरचा कुलूपवाला बरोबर होता त्याने वाचून दाखवलं. नावासमोर कारण लिहिलं होतं — 'सार्वजनिक मदतीवर अवलंबून राहण्याची शक्यता'.

मी म्हटलं, म्हणजे काय? अजून तर कुणाकडून एक गोळी घेतली नाही तिने!

कुलूपवाल्याने विचारलं, तुम्ही तिथे नेमकं बोललात काय? मी सांगितलं. तो चालता चालता थांबला. बाजूच्या पायरीवर बसलाच.

"साबणवाले," म्हणाला, "तुम्ही तिची हमी द्यायला गेला होतात की तिच्या नावाने झोळी फिरवायला?"

मग त्याने समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. पूर्वीचं टेबल वेगळं होतं, म्हणाला. पूर्वी विचारायचे, तुला किती गरज आहे. आता विचारतात, तुला कशाची गरज तर नाही ना. तुम्ही जुन्या परीक्षेचं उत्तर नव्या परीक्षेत लिहून आलात. आणि वर आई! आईला कशाला ओढलंत मध्ये?

मी पायरीवर त्याच्याशेजारी बसलो. कुत्रंसुद्धा एवढं वाईट करत नाही आपल्या माणसाचं.

घरी मावशी हिला सूप भरवत होती. तिला आधीच कळलं होतं, बायकांकडून. मी म्हटलं, मावशी, मी — तिने चमचा खाली ठेवला नाही. हिचं तोंड पुसलं, मग बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"चांगला ड्रेस मी आणला होता, आजोबा. पिशवीत होता. माझ्या पायाजवळ."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जेवण गेलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

मुख्याध्यापिका बाईंच्या घरी गेलो. कुंड्यांना पाणी घालत होत्या. बसा म्हणाल्या, खुर्ची आणून दिली, पाणी दिलं. माणूस वाईट नाही, तेच तर वाईट.

मी म्हटलं, बाई, मी चुकलो. ती पाव खाते ते तिला आवडतो म्हणून. उरलेलं मीच बळेबळे देतो. पाठ एकदाच दुखली होती. आई येणार नाही. तिला कशाचीही गरज नाही, अगदी कशाचीही नाही!

त्यांनी झारी खाली ठेवली. म्हणाल्या, "आजोबा, मग सोमवारी खोटं बोललात की आज?"

दोन्ही दिवशी थोडं थोडं खोटं होतं.

त्या म्हणाल्या, आम्हाला तिचा राग नाही. कष्टाळू दिसते. पण आज तुमच्या घरचं उरलेलं, उद्या वस्तीच्या दवाखान्यातलं औषध, परवा तिची आई. कुठेतरी रेघ ओढायला लागते. तुम्हीसुद्धा ओढलीच असेल ना, मत देताना?

ओढली होती. माझ्या डोळ्यांसमोर ती रेघ मावशीच्या पलीकडून जात होती, म्हणजे मावशी आत. पण हे कुणाला कसं सांगायचं?

मग म्हटलं, तिच्यासाठी नाही तर माझ्यासाठी ठेवा. माझी बायको अंथरुणाला आहे. बाईंनी विचारलं, घरात दुसरं कोणी? मी म्हटलं, लेक आहे, याच गावात. "मग झालं तर," म्हणाल्या, आणि झारी उचलली.

नाकाबद्दल सांगणार होतो. जीभ वळली नाही. खोटं रडताना कधी लाज वाटली नाही, आणि आज खरी गोष्ट होती तर लाज वाटली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मावशी मला शिकवतेय. वास नाही आला तरी हात घालून बघायचं, आजोबा. चहा झाला की बघायचं, जेवण झालं की बघायचं, आजी झोपायच्या आधी बघायचं. विचारायचं नाही, बघायचं. चादर कशी गोळा करायची, कमरेखाली हात कुठे घालायचा. मी शिकतोय, ती शेजारी उभी राहून बघते, मास्तरणीसारखी. एकदा म्हणाली, पास. मी हसलो, तीही हसली, आणि मग दोघांचंही हसू एकदम थांबलं.

हिने मात्र तोंड भिंतीकडे फिरवलं. माझा हात लागला की अंग आखडतं. मावशीचा लागला की सैल सोडते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कुलूपवाल्याला विचारलं, तिला लपवलं तर? तुझ्या दुकानामागची खोली? तो म्हणाला, लपवली असती हो, पण तुम्हाला ठाऊक असताना नाही. तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी रागावलो. मग आठवलं की हे मी सकाळी दूधवालीलाही विचारून आलो होतो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

लेकीला दवाखान्याच्या खिडकीवर जाऊन गाठलं. रांगेत उभा राहून. माझा नंबर आला तेव्हा म्हटलं, काहीतरी कर. मागचे लोक ऐकत होते. तिने पटकन आजूबाजूला बघितलं आणि म्हणाली, बाबा, घरी जा. मी आवाज चढवला. म्हटलं, तुझ्या आईचं काय होणार ते तू आणि तुझा पक्ष सांगा! तिने खिडकी लावून घेतली. माझ्या तोंडावर. पोटच्या पोरीने.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मावशी आली नाही.

गाडी रविवारी आहे. अजून तीन सकाळी तिच्या होत्या, आमच्या होत्या. तिच्या खोलीवर गेलो, रिकामी. घरमालकीण म्हणाली, पहाटेच गेली सामान घेऊन. कुठे? खांदे उडवले.

निरोपसुद्धा घेतला नाही. घेणारच कशाला. मी कोण लागतो? ज्याने बुडवली तो.

ही दाराकडे बघत होती दिवसभर. "मावशी," म्हणाली. मी म्हटलं, येईल. दुपारी पुन्हा म्हणाली. मग मी ओरडलो. ओरडायला नको होतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

हे लिहायची हिंमत होत नाही, पण दुसरं कुणाला सांगू.

लेक आली. दारात पाऊल टाकलं आणि तिथेच थांबली, नाकाला पदर लावला. मला वाटलं नाटक करतेय. म्हटलं, काय झालं? ती काही न बोलता आईपाशी गेली, चादर काढली, कूस बदलली. पाठीखाली, मावशी मलम लावायची तिथेच, जखम झाली होती. चिघळलेली. मी हात घालून बघत होतो ना, मावशीने सांगितलं तसं! ओलं आहे का ते बघत होतो. पाठ नव्हती बघितली. त्या जखमेला म्हणे घरभर घाण येत होती. मी त्याच खोलीत बसून पाव खात होतो.

लेकीने जखम धुतली. माझ्याकडे बघत नव्हती. मी घाबरलो की काहीतरी भलतं बोलतो. म्हटलं, मावशीला तू घालवलीस. तू आणि तुझी पत्रकं.

ती वळली. "मी? मंडळापुढे कोण बोललं?"

मी गप्प बसायला हवं होतं. नाही बसलो. म्हटलं, तुला हेच हवं होतं.

"मला नियम हवा होता, बाबा. आई सडायला नको होती." हात पुसत होती. मग म्हणाली, उद्या आईला माझ्याकडे नेते. आणि तुम्ही तिकडे यायचं नाही. काही दिवस तरी नाही. कुणाला काही विचारायचं नाही, कुणापुढे रडायचं नाही. कळलं?

मला काही कळलं नाही. मान हलवली.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी दवाखान्यातली दोन माणसं चाकाची खुर्ची घेऊन आली आणि हिला उतरवून घेऊन गेली. जिन्यात वळणावर हिने मागे बघितलं. "अहो," म्हणाली. मी कठड्याला धरून उभा.

मग गाडी सुटते तिथे गेलो. मावशी दिसली तर माफी तरी मागू, म्हणून. पावाची पिशवी नेली होती. बाहेरचे सगळे ओळीने बसले होते, ती पोटुशीही होती. मावशीचं नाव पुकारलं. कोणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. शिपाई इकडेतिकडे बघायला लागला.

पळाली! क्षणभर इतकं बरं वाटलं. मग लक्षात आलं. आता शोधत शोधत माझ्याकडेच येणार.

पाव पोटुशीला दिला.

२ डिसेंबर, मंगळवार

आले. दोघं. कपाट उघडलं, पलंगाखाली बघितलं, मोरीत बघितलं. विचारलं, ती कुठे आहे? मी म्हटलं, मला काय माहीत, तुम्हाला सापडली तर मलाच सांगा! आणि मला रडू फुटलं. असं कधी रडलो नव्हतो, पेन्शनच्या वेळीसुद्धा नाही. एक जण म्हणाला, याला खरंच काही माहीत नाही रे. दुसऱ्याने मला पाणी आणून दिलं.

म्हटलं, बायकोला लेक घेऊन गेली. कोण लेक? नाव सांगितलं. त्यांचा आवाजच बदलला. म्हणाले, ताईंना ओळखतो की, आमच्याच बैठकांना असतात. मग दार लोटून गेले.

पलंग रिकामा आहे. चादर मी काढली नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

आज कुणाशीच बोललो नाही.

६ डिसेंबर, शनिवार

डोकं चालवून बघितलं आणि घाबरलो. लेक दिवसभर खिडकीत बसते, संध्याकाळी पक्षाचं काम. मग हिच्यापाशी कोण आहे? लेकीला फोनवर विचारलं तर म्हणाली, व्यवस्था केलीय, आई बरी आहे, येऊ नका. कसली व्यवस्था? सांगत नाही.

सरकारी वृद्धाश्रमात टाकली असणार. मला तोंड दाखवायला नको म्हणून येऊ नका म्हणते. दोन ठिकाणी बस बदलून तिथे जाऊन आलो. ओळीने खाटा, खाटांवर माझ्यासारखे. एक म्हातारी माझा हात सोडेना. ही तिथे नव्हती. असं कोणी आलंच नाही, म्हणाले.

७ डिसेंबर, रविवार

म्हणजे ही लेकीच्याच घरी आहे. एकटी. बाहेरून कुलूप लावून जात असेल. अजून दुसरं काय असणार? दिवसभर कोंडलेली, ओली, आणि तोंडात शब्द दोन-तीन. मेली तरी आवाज येणार नाही.

कुलूपवाल्याकडे गेलो. म्हटलं, उद्या लेक कामावर गेली की माझ्याबरोबर चल, हत्यारं घेऊन. माझ्या बायकोला बाहेर काढायचंय. तो म्हणाला, साबणवाले, लेकीचं दार फोडणार तुम्ही? मी म्हटलं, तू नाही आलास तर कुऱ्हाड आणतो. त्याने हातातलं कुलूप खाली ठेवलं. मग म्हणाला, येतो, पण तिथे तुम्ही तोंड उघडायचं नाही.

८ डिसेंबर, सोमवार

दाराला कुलूप नव्हतंच. आतून कडी होती. पक्षाच्या फलकाखाली मी हाताने थापा मारल्या. आत कोणीतरी चाललं आणि थांबलं. मी हिला हाक मारली, नावाने, लग्नानंतर पहिल्यांदाच.

दार मावशीने उघडलं.

यापुढे काही लिहायचं नाही.